रंग कुठून दिसतो?

वर्सोव्याहून निघालेली मेट्रो साकीनाका सोडते आणि असल्फा स्टेशन जवळ आलं की डब्यातली काही माणसं मोबाइलमधून मान वर काढतात. रोजची माणसं नाही काढत, नवखी काढतात. खिडकीबाहेर एक टेकडी असते आणि तिच्यावर एकाच्या खांद्यावर एक बसल्यासारखी घरं: निळी, पिवळी, गुलाबी, पोपटी. २०१७ च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी रहिवाशांना बरोबर घेऊन या घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. मग वर्तमानपत्रांनी या टेकडीला इटलीतल्या पोझितानो गावाची उपमा दिली आणि सेल्फी काढणारी मंडळी स्टेशनवर उतरून वर चढू लागली.

टेकडी तिथे आधीपासूनच होती, वस्तीही होती. मेट्रोचा उंचावरचा मार्ग २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाला तेव्हा वातानुकूलित डब्यातल्या माणसाला ती समोरासमोर दिसायला लागली, एवढाच काय तो फरक. आधी ती घाटकोपर-अंधेरी रस्त्यावरच्या बसमधून मान तिरकी करून पाहावी लागे, आणि बसमध्ये चेंगरलेला माणूस कशाला मान तिरकी करतोय! म्हणजे आधी खिडकी आली आणि मग खिडकीसाठी रंग आला. असल्फ्याचं कौतुक वाचताना हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

रंगाला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. डोंगरावरच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला कॉलेजात ‘कुठे राहतोस?’ या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळायला होतं. तो जवळच्या स्टेशनाचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. त्याच पत्त्यावर लोक कॅमेरा घेऊन येऊ लागले तर त्याची मान थोडी ताठ होणारच, आणि ती किंमत कमी नाही. पण रंगामुळे वरच्या गल्लीत पाणी चढत नाही. २००० सालच्या जुलैत याच घाटकोपरात आझाद नगरच्या घरांवर दरड कोसळून कितीतरी माणसं गाडली गेली. अशा उतारावर राहणाऱ्याला भिंतीच्या रंगाआधी भिंतीमागच्या मातीची काळजी असते. रंग बाहेरून लागतो आणि गळती आतून होते.

शहरात राहून शहराला न दिसणाऱ्या माणसांना कलेने, डिझाइनने दृश्यात आणायचं, ही कल्पना गेल्या वीसेक वर्षांत जगभर पसरली आहे. तिची चांगली-वाईट रूपं पाहताना मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो: हे चित्र नीट दिसायला पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं?

कैरोत हा प्रश्न एका कलाकाराने जवळजवळ अक्षरशः सोडवला. मोकत्तम डोंगराच्या पायथ्याशी मन्शियत नासर ही वस्ती आहे. तिथले बहुसंख्य लोक कॉप्टिक ख्रिस्ती. पिढ्यान्‌पिढ्या ते कैरोच्या दारोदारचा कचरा गोळा करून आणतात, निवडतात, विकतात आणि त्यातला बराचसा पुन्हा वापरात आणतात. शहर त्यांना ‘कचरेवाले’ एवढंच ओळखतं. २०१६ मध्ये एल सीद या कलाकाराने तिथल्या सुमारे ५० इमारतींच्या भिंतींवर मिळून अरबी सुलेखनात एकच ओळ लिहिली. ज्याला उजेड नीट पाहायचा आहे त्याने आधी स्वतःचे डोळे पुसावेत, अशा अर्थाचं चौथ्या शतकातल्या एका कॉप्टिक धर्मगुरूंचं ते वचन आहे. गल्लीत उभं राहिलात तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात, एका भिंतीवर अर्धी वेलांटी, दुसरीवर एखाद्या अक्षराची शेपटी. पूर्ण ओळ मोकत्तमवर चढून एका विशिष्ट जागी उभं राहिलं तरच वाचता येते. म्हणजे वाचायचं असेल तर शहराला वस्तीतून चालत डोंगरावर यावं लागतं. हे लोक कचऱ्यात नाही, कचऱ्यावर जगतात, हा फरक तिथल्या लोकांनीच आपल्याला शिकवला, असं एल सीदने नंतर सांगितलं. असल्फ्याची टेकडीही एका जागेवरून सुरेख दिसते, पण ती जागा धावत्या गाडीत आहे आणि गाडी तिथे अर्धा मिनिट थांबते.

फ्रेंच छायाचित्रकार जेआर याने २००८ मध्ये रिओ दि जानेरोच्या मोरो दा प्रोव्हिडेन्सिया या फावेलात, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या झोपडवस्तीत, बायकांचे डोळे आणि चेहरे घरांच्या भिंतींवर चिकटवले. कागद एवढे मोठे की खालच्या शहरातून डोळे आपल्याकडेच रोखून पाहताहेत असं वाटावं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या वस्तीतल्या तीन तरुणांना लष्करी जवानांनी शत्रू टोळीच्या हवाली केलं होतं आणि ते मारले गेले होते. चिकटवलेल्या चेहऱ्यांत त्या तरुणांच्या नात्यातल्या बायकाही होत्या. इथे पाहणारा खालीच राहिला, फक्त पाहण्याची दिशा उलटली: शहर फावेलाकडे बघेल, तर फावेलाही शहराकडे बघेल.

याच माणसाचं मला सर्वांत आवडणारं काम पुढच्या वर्षीचं, नैरोबीच्या किबेरामधलं. तिथे घरं पत्र्याची. कागद चिकटवला असता तर पहिल्या पावसात त्याचा लगदा झाला असता. म्हणून बायकांच्या डोळ्यांचे फोटो जलरोधक विनाइलवर छापून छपरांवर अंथरले. वरून, विमानातून किंवा समोरच्या टेकडीवरून, छपरांवर डोळे दिसत आणि खालच्या खोलीत पाणी गळायचं थांबे. एकाच वस्तूच्या दोन बाजू, दोन्ही कामाच्या. वस्तीतून जाणाऱ्या आगगाडीवरही डोळे लावले होते आणि उतारावरच्या पत्र्यांवर चेहऱ्यांचे खालचे भाग. गाडी ठरावीक जागी आली की काही क्षण चेहरा पूर्ण व्हायचा.

मुंबईकराला छपरावरच्या विनाइलचं नवल वाटणार नाही. मे महिना संपत आला की बाजारात निळ्या ताडपत्रीचे गठ्ठे येतात आणि जूनपर्यंत अर्ध्या शहराची छपरं निळी होतात. समीर कुलावूर या चित्रकाराने या निळ्या ताडपत्रीवर ‘ब्लूड बुक’ नावाचं अख्खं चित्रपुस्तक केलं आहे. शिवाय आपल्याकडे जेआरच्या बरंच आधीपासून छपरांवर चेहरे असतात. नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला की तो झोपडीवर जातो, बहुतेकदा छापील बाजू खाली. साहेबांचं हसू रात्रभर आतल्या माणसांकडे बघत राहतं. लोकप्रतिनिधी घराघरांत पोचले म्हणतात ते हेच असावं.

मोठ्या आकाराचे चेहरे भिंतीवर लावायची जेआरची कल्पना पुढे ‘इनसाइड आउट’ नावाने कुणीही वापरावी अशी खुली झाली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ससून डॉकवर आली. १८७५ मध्ये बांधलेला हा धक्का स्टार्ट इंडिया फाउंडेशनने काही आठवडे कलेचं प्रदर्शन म्हणून सर्वांसाठी खुला केला होता. धक्क्यावरच्या इमारतीच्या दर्शनी भागावर तिथेच काम करणाऱ्यांचे काळे-पांढरे चेहरे लागले: कोळणी, बंजारा बायका, हमाल. कोळीण निदान मुंबईच्या गाण्यांत, जाहिरातींत, गणपतीच्या नाचांत तरी असते, भले तिथली कोळीण आणि पाटी डोक्यावर घेऊन पहाटे धावणारी कोळीण यांचा संबंध काही का असेना. दिवसभर ओल्या फरशीवर उकिडवं बसून कोळंबी सोलणाऱ्या बंजारा बायका मात्र मुंबईच्या कुठल्याच चित्रात नसतात. त्यांचे चेहरे तिथे दोन मजले उंच झाले. कुलाब्यात राहूनही वासामुळे त्या फाटकाच्या आत कधीच न गेलेले मुंबईकर त्या निमित्ताने आत गेले.

पण मुंबईतल्या गरिबाचा फोटो हे प्रकरण कलाकारांच्या आधीचं आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी जमिनींवरच्या झोपड्यांची गणना केली आणि झोपडीधारकांना ओळखपत्रं दिली. त्यांना लोक ‘फोटोपास’ म्हणतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये हा शब्द आजही जन्मदाखल्याच्या तोलाचा आहे. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत जपलेला कुटुंबप्रमुखाचा एक पिवळा पडलेला फोटो, खाली शिक्का. घर तोडायला गाडी आली की बाई आधी मुलं बाहेर काढते आणि मग ही पिशवी. ससून डॉकवरचा फोटो जगाने पाहावा म्हणून होता. फोटोपासवरचा फोटो एका अधिकाऱ्याने एकदाच पाहायचा असतो, पण त्या एका नजरेवर घर टिकतं की जातं हे ठरतं. ‘दृश्यमानता’ हा जड शब्द आपण लेखांत वापरतो. वस्तीत त्याला ‘पुरावा’ म्हणतात.

सुधारक ओलवे यांची छायाचित्रं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी आहेत. मूळचे अकोल्याचे असलेले आणि मुंबईच्या वृत्तपत्रांत काम केलेले ओलवे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरले. हे कामगार बहुसंख्येने दलित. ओलवे यांच्या कृष्णधवल चित्रांत माणूस गटारात छातीपर्यंत उतरलेला आहे, उघड्या हाताने मेलेलं जनावर ओढतो आहे, कचऱ्याच्या गाडीत कचऱ्यावरच बसून जातो आहे. त्याच्या घरातली चित्रंही आहेत आणि ती मला जास्त अस्वस्थ करतात, कारण तिथे तो आपल्यासारखाच दिसतो. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र फोटो पाहून कुणी कुणाला नोकरीत कायम केलं नाही. पालिकेचे २,७०० कंत्राटी सफाई कामगार कायम झाले ते कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं खटला लढवून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला म्हणून. छायाचित्र आणि खटला ही वेगवेगळी कामं आहेत. एकाच्या यशाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याचं काम पहिल्याने केलं नाही म्हणून त्याला दोषही देऊ नये.

आता भायखळ्याला जाऊ. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मुंबईतलं सर्वांत हुशार काम तिथे झालं आणि ते करणाऱ्या बायकांना कुणी कलाकार म्हटलं नाही.

१९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, अंतुले सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना गावी धाडायचं ठरवलं. प्रकरण न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ‘ओल्गा टेलिस’ खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल मानाने छापला जातो. फुटपाथवरच्या बाईला मात्र त्यातला दुसरा भाग कळला: रीतसर नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर पालिका झोपड्या हटवू शकेल. १९७६ च्या झोपडी-गणनेत बहुतेक फुटपाथवाले नव्हतेच. फोटोपास नाही म्हणजे पुरावा नाही. कागदावर ही माणसं शहरात राहतच नव्हती.

तेव्हा स्पार्क नावाची संस्था नुकतीच, १९८४ मध्ये, सुरू झाली होती. भायखळ्यातल्या पालिका दवाखान्याच्या गॅरेजमध्ये तिचं काम चाले. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटपाथवरच्या बायकांबरोबर घरोघर जाऊन गणती केली. सुमारे ६,००० कुटुंबं मोजली गेली: कुठून आले, कधी आले, काय काम करतात, कामावर किती चालत जातात. अहवालाला नाव दिलं ‘वी, द इन्व्हिजिबल’. आम्ही, न दिसणारे. ‘आम्ही’ या शब्दावर जोर. मोजणारे आणि मोजले जाणारे यांच्यातलं अंतर त्या एका सर्वनामाने पुसलं होतं. शहराला वाटत होतं की हे भिकारी आणि कालपरवा आलेले लोक आहेत. गणतीतून दिसलं ते असं की बहुतेक जण काम करणारे आहेत, कामाच्या ठिकाणाला चालत जाता यावं म्हणून फुटपाथवर राहतात आणि कित्येकांची मुलं याच फुटपाथवर जन्मली आहेत.

गणतीनंतर बायकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. घर मिळालंच तर ते कसं असावं? अशा वेळी वास्तुरचनाकार नकाशा काढून दाखवतो. पण नकाशा वाचणं ही शिकून येणारी गोष्ट आहे. चांगले पदवीधर लोकही फ्लॅटचा नकाशा बघून होकार देतात आणि ताबा घेताना ‘एवढीशी खोली?’ म्हणतात. या बायकांनी नकाशाच वगळला. हात, वीत, नेसलेली साडी, झोपलेल्या माणसाची लांबी अशा अंगाच्या मापांनी जागा आखली आणि लाकूड, बांबू, कापड वापरून खऱ्या आकाराचं घर उभं केलं. १९८६ मध्ये भायखळ्याला अशा घरांचं प्रदर्शन भरलं. त्याच सुमारास या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना आकाराला आली. जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघही बरोबर होता. जोकिन स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीतून उठवले गेलेले, पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी.

कापडाच्या घरात शिरता येतं. पाय पसरून झोपून बघता येतं, पाय भिंतीला लागतात का. स्टोव्ह कुठे, हंडा कुठे, पाहुणा आला तर सून कुठे बसेल, हे तिथेच उभं राहून भांडता येतं. या भांडणातून निघालेला आराखडा सरकारी साच्यापेक्षा वेगळा होता. जमिनीवर जागा वाढवून मिळणार नाही हे बायकांना पक्कं ठाऊक, म्हणून त्यांनी उंची मागितली: १४ फूट. म्हणजे पोटमाळा घालता येतो, वर मुलं झोपतात, खाली संसार चालतो. आणि नळ घरात हवा, पण संडास घरात नको, काही घरांत मिळून बाहेर. ही मागणी ऐकून शिकलेली मंडळी चकित झाली होती. त्यामागे सरळ हिशेब होता. एवढ्याशा खोलीत, चुलीपासून चार पावलांवर संडास, आणि पाणी आलं नाही तर? सामायिक संडास चार घरांनी साफ ठेवायचा, तर जागा वाचते आणि वासही. पुढे महिला मिलनच्या बायकांनी मानखुर्दला मिलन नगर वसवलं. १९९५ च्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवरच्या रहिवाशांचीही दखल घेतली गेली.

मला या प्रदर्शनाचं कौतुक वाटतं ते पाहणाऱ्याच्या जागेमुळे. इथे पाहायला आले ते आधी दुसऱ्या फुटपाथवरचे लोक, मग अधिकारी. अधिकाऱ्याला त्या घरात वाकून शिरावं लागलं आणि आतून पाहावं लागलं. त्याला घर दाखवणारी बाई आतली, तो पाहुणा. मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी पुढे या घरांच्या प्रदर्शनांवर आणि ‘संडास मेळ्यां’वर लिहिलं. प्रदर्शन म्हणजे मध्यमवर्गाने ग्राहक म्हणून वस्तू पाहायला जायची जागा. गरिबांनी तो प्रकारच उचलला आणि त्यात स्वतःला तज्ज्ञ म्हणून उभं केलं, असं त्यांचं म्हणणं.

संडास मेळा हा शब्द वाचून हसू आलं तर येऊ द्यावं. मेळा नवा संडास बांधून झाल्यावर भरायचा, वाजतगाजत, फुगे लावून. ज्या गोष्टीसाठी टमरेल घेऊन, मान खाली घालून रांगेत उभं राहायचं, तीच गोष्ट दिवसाढवळ्या मिरवायची. लाज कुणाची, हा प्रश्न त्यात आपोआप उलटतो.

या संडासांचं डिझाइन पाहायचं तर पुण्याला यावं लागतं. १९९९ मध्ये पुण्याचे महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतले सार्वजनिक संडास स्वयंसेवी संस्थांकडून बांधून घ्यायचा कार्यक्रम काढला. दोनेक वर्षांत ४०० हून जास्त संडासगृहं आणि १०,००० हून जास्त सीट बांधल्या गेल्या. स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांच्या वाट्याला त्यातला मोठा हिस्सा आला. जुन्या पालिका संडासांत बायका आणि पुरुष समोरासमोर, रांग एकच, आणि सकाळच्या गर्दीत पुरुष बायकांच्या बाजूलाही घुसायचे. मुलांचा तर नंबरच लागत नसे. मोठी माणसं त्यांना बाजूला सारत, मग मुलं गटाराच्या कडेला बसत. नव्या बांधकामात बायकांचं दार वेगळं, रांगही वेगळी. दोन्ही बाजूंना उघडणारी दारं, म्हणजे बादली हातात असतानाही खांद्याने ढकलता यावीत. पाण्याची टाकी. राखणदाराच्या कुटुंबाला वर राहायला खोली, म्हणजे रात्रीही कुणीतरी जागं. आणि मुलांचे वेगळे संडास: छोटं भांडं, धरायला दांडी, पडायची भीती वाटणार नाही अशी जागा. या बदलांतला एकही बदल महागडा नाही. रोज रांगेत उभं राहिल्याशिवाय तो सुचण्यासारखाही नाही.

२००१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची शहरांविषयीची मोठी बैठक झाली. तिथल्या मुख्य इमारतीच्या लॉबीत या संघटनांनी आणि त्यांच्या परदेशी सोबत्यांनी खऱ्या आकाराचं घर उभारलं आणि शेजारी मुलांचा संडासही. सरचिटणीस कोफी अन्नान तो पाहायला आले. तिथे जमलेल्या राजदूतांनी लहान मुलाच्या संडासाला प्रदक्षिणा घातली असेल हे चित्र मला अजून पुरेसं रंगवता येत नाही.

नावाचा प्रश्न अजून उरला. न दिसणारी माणसं पुष्कळदा दिसतात, पण दुसऱ्याने दिलेल्या नावाने, शिवीने. बंगळुरूत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘अरावनी आर्ट प्रोजेक्ट’मध्ये ट्रान्स स्त्रिया स्वतः शिडीवर चढून शहराच्या भिंती रंगवतात. के. आर. मार्केटच्या भिंतीवर त्यांनी मोठे चेहरे काढले आणि कन्नडमध्ये लिहिलं: आम्ही आहोत. सिग्नलला ज्यांना पाहून लोक गाडीची काच वर करतात, त्यांनाच लोक शिडीखाली उभं राहून ‘हे काय काढताय?’ असं विचारू लागतात. २०२४ मध्ये या गटाचं भित्तिचित्र व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात लागलं.

धारावीत सुधीर राजभर यांनी हा प्रश्न अंगावरच घेतला. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचं काम आटलं. मुंबईत वाढलेल्या राजभर यांनी या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबराची चामड्यासारखी पिशवी बनवायला घेतली आणि २०१७ मध्ये उभ्या केलेल्या कामाला नाव दिलं ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द गावाकडे शिवी म्हणून ऐकला, तोच महागड्या दुकानाच्या पाटीवर. घेणाऱ्याला तो शब्द तोंडाने म्हणावा लागतो, पावतीवर वाचावा लागतो. २०२४ च्या डिसेंबरात त्यांच्या खुर्च्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात मांडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मिरवल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा मला ही पाटी आठवली. वस्तू जगभर दिसली, करणारा कुठेच दिसला नाही.

धारावीतच २०१६ मध्ये जॉर्ज मान्येस रुबिओ आणि अमांडा पिनाटी यांनी ‘डिझाइन म्युझियम धारावी’ हातगाडीवर फिरवलं. कुंभारवाड्यातली भांडी आणि वस्तीत घडणाऱ्या इतर वस्तू संग्रहालयात मांडाव्यात तशा मांडून गल्लोगल्ली नेल्या. कल्पना गोड होती, बाहेरच्यांची होती, आणि थोड्या काळापुरती होती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल आणि कादंबरी कोळी आपल्याच जातीजमातीच्या वस्तू, गोष्टी, आठवणी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ या नावाने साठवत आहेत. त्याला मात्र जायची घाई नाही. ते लोक तिथेच राहतात.

दिसण्याचा धोकाही आहे, तो उत्साही मंडळी विसरतात. फेरीवाल्याचा धंदा गिऱ्हाइकाला दिसण्यावर आणि पालिकेच्या गाडीला न दिसण्यावर चालतो. वस्ती रंगवून छान दिसू लागली की आधी पर्यटक येतो आणि त्याच्या मागोमाग कधीकधी बिल्डर. १९८५ च्या गणतीत नाव सांगताना काही फुटपाथवाले घाबरले असतील तर त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? यादी ही घर देण्यासाठीही असते आणि पाडण्यासाठीही, आणि यादी करणारा नेहमी खरं सांगतोच असं नाही.

धारावीच्या पुनर्विकासासाठी २०२४ च्या मार्चमध्ये कमला रमण नगरपासून सर्वेक्षण सुरू झालं. प्रत्येक खोलीला एक क्रमांक. आधीच्या गणत्यांतही मुंबईच्या वस्त्यांमध्ये असेच क्रमांक पडत आले आहेत, दाराच्या चौकटीजवळ, ब्रशने घाईत ओढलेले, कधी वाकडे, कधी ओघळलेले. रंगवणाऱ्याने त्यात कला पाहिलेली नसते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी एका वस्तीत गेलो होतो. गल्लीत रंगाचे डबे उघडे होते, एक बाई स्टुलावर चढून दाराची भिंत आंब्याच्या रसासारख्या पिवळ्या रंगाने रंगवत होती. आकड्यापाशी येऊन तिने ब्रश पुसला, आकड्याभोवती बोटभर जागा सोडून चारही बाजूंनी सरळ रेघ मारली आणि पुढची भिंत रंगवायला घेतली. आतला चौकोन जुन्या मळक्या चुन्याचाच राहिला. शेजारच्या भिंतीवर असे दोन चौकोन होते, एक आधीच्या गणतीचा, एक नंतरचा. मी विचारलं, जुना कशाला ठेवलाय? ती स्टुलावरूनच म्हणाली, राहू दे, दोन्ही लागतात.